मेक्सिकन रॉकचा इतिहास ऐकायचा असेल तर 1960 पासून सुरू करू नका

नागपुरात रॉक ऐकणारे कमी नाहीत भाऊ. कॉलेजच्या फेस्टला कोणता ना कोणता बँड मेटालिका वाजवतोच, सदर-धरमपेठेतल्या कॅफेंमध्ये वीकेंडला गिटारवाले बसलेले असतात, पण मेक्सिको म्हटलं की सगळ्यांची गाडी गिटारवाल्या सांतानावर येऊन थांबते. फार झालं तर 'माना' हा बँड. त्याच्या पुढे जायचं ठरवलं तर बहुतेक जण एकच करतात, नेटवर इतिहास शोधतात, सुरुवातीलाच अमेरिकन गाण्यांची स्पॅनिश कव्हरं भेटतात, दोन-तीन ऐकतात, ठीक आहे बाप्पा म्हणतात आणि परत आपलं जुनं सुरू.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. मधून सुरू करा, मग मागे जा, मग पुढे या. कारण या इतिहासात मध्येच एक मोठा खड्डा आहे, जवळपास पंधरा वर्षांचा, आणि तो खड्डा का पडला हे कळलं की त्याच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं आपोआप जागेवर बसते. मधून म्हणजे कुठून, तर 1994. काफे ताकुबा नावाचा बँड आणि त्यांचा 'रे' नावाचा अल्बम.

आधी सर्चचं सांगून टाकतो, नाहीतर इथेच अडकाल. बँडच्या नावात ताकुबा लिहिताना यू च्या जागी व्ही टाकतात. मेक्सिको सिटीत त्याच नावाचं 1912 पासूनचं जुनं रेस्टॉरंट आहे, नावावरून कायद्याची भानगड नको म्हणून यांनी अक्षर बदललं. स्पॅनिशमध्ये जे चा उच्चार ह होतो, त्यामुळे व्हिडिओत कोणी हाविएर म्हटलं तर टाइप करताना जे ने सुरू करा, हाग्वारेस हे बँडचं नाव म्हटलं तरी जे. डबल एल चा उच्चार साधारण य. एवढं माहीत असलं तरी अर्धं काम होते, बाकी अक्षरांवरचे टिंब आणि रेघा नाही टाकल्या तरी सर्चमध्ये सापडतेच.

तर 'रे'. वीस गाणी आहेत आणि जवळपास प्रत्येक गाणं वेगळ्या जातीचं. 'ला इंग्राता' मध्ये उत्तर मेक्सिकोची पोल्का, 'एसा नोचे' मध्ये रडका बोलेरो म्हणजे संथ प्रेमगीत, 'एल बोर्रेगो' एकदम धडाधड मेटलच्या अंगाचं. पहिल्यांदा ऐकताना वाटते कोणी रेडिओचं बटण फिरवून राहिलं की काय. आणि गंमत म्हणजे तेव्हा या बँडमध्ये ड्रमर नव्हता, ड्रम मशीनवर काम चालायचं. चार पोरं, मेक्सिको सिटीच्या बाहेरच्या सिउदाद सातेलिते नावाच्या मध्यमवर्गीय वसाहतीतली. प्रोड्युसर गुस्तावो सांताओलाया, अर्जेंटिनाचा माणूस, हाच पुढे दोन ऑस्कर घेऊन गेला आणि 'द लास्ट ऑफ अस' गेम खेळला असाल तर त्यातलं ते उदास गिटारही याचंच. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

अल्बम एका बैठकीत संपवायची जबरदस्ती करू नका, तासभराचा आहे. मेट्रोनं जात असाल तर खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक जाताना अर्धा आणि येताना अर्धा, शफल मात्र बंद ठेवा. शब्द समजले नाही तरी चालते, पहिल्या वेळी समजून घ्यायचंच नाही. दुसऱ्या वेळी मात्र बोल ट्रान्सलेट करून सोबत वाचा, कारण काही गोष्टी तिथेच लपलेल्या आहेत. उदाहरणार्थ 'ला इंग्राता' ऐकायला एवढं नाचरं आणि आत एक माणूस सोडून गेलेल्या बाईला गोळी घालायच्या गोष्टी करतो. मेक्सिकोत बायकांच्या खुनांचा प्रश्न इतका पेटला की 2017 मध्ये गायक रुबेन आल्बारान यांनी सांगून टाकलं की आम्ही हे गाणं आता असं गाणार नाही. स्वतःचं एवढं हिट गाणं बाजूला ठेवायचं म्हणजे सोपं काम नाही, मला तर यासाठीच हा बँड जास्त आवडतो.

आता तिथून थोडं मागे. 1991 चा 'एल सिर्को', बँड माल्दीता वेसिंदाद. स्का म्हणजे जमैकाचा उड्या मारायला लावणारा ठेका, सॅक्सोफोन, रस्त्यावरचा गोंगाट. यातलं 'पाचुको' आधी ऐका. बाप पोराला रागावतो की हे काय कपडे, हे काय केस, आमच्या वेळी असं नव्हतं, आणि पोरगा म्हणतो की बाबा तुम्हीही तुमच्या काळी पाचुको होते, तेव्हा तुम्हालाही लोक असंच बोलायचे. पाचुको म्हणजे 1940 च्या आसपासचे ढगळ सूट घालणारे, मॅम्बोवर नाचणारे स्टायलिश पोरं. गाणं तीन मिनिटांच्या आसपासचं पण दोन पिढ्यांचं भांडण त्यात बसवलंय. मग त्याच अल्बममधलं 'कुंबाला', रात्री उशिरा ऐकायचं. प्रोड्युसर परत तेच, सांताओलाया.

मग काइफानेस. हे लोक सुरुवातीला काळे कपडे, फुगवलेले केस, इंग्लंडच्या द क्युअर या बँडच्या वळणाचे. 1988 मध्ये यांनी 'ला नेग्रा तोमासा' नावाचं जुनं क्यूबन गाणं कुंबियाच्या ठेक्यात वाजवलं आणि ते देशभर गाजलं, लग्नात, बसमध्ये, सगळीकडे. रॉकवाले काही लोक नाराज झाले, कारण कुंबिया म्हणजे त्यांच्या लेखी गरीब वस्तीतल्या नाचगाण्याचा प्रकार. पण दार तिथूनच उघडलं. यांचा 1992 चा 'एल सिलेन्सिओ' किंग क्रिमसन या बँडमधल्या एड्रियन बेल्यूनं प्रोड्युस केला आणि 1994 च्या 'एल नेर्विओ देल वोल्कान' मधलं 'आफुएरा' तर गिटारवाल्यांनी ऐकलंच पाहिजे, आलेहांद्रो मार्कोविचचं वाजवणं ऐका, मेक्सिकोच्या लोकसंगीताची वळणं इलेक्ट्रिक गिटारवर काढून राहिला तो.

एवढं ऐकून झालं की थांबा आणि एक प्रश्न विचारा. रॉक मेक्सिकोत 1950 च्या दशकात पोचला होता, शेजारी अमेरिका, मग स्वतःच्या मातीचा असा रॉक देशभर ऐकू यायला 1988 काहून उजाडलं? याचं उत्तर शोधायला आता मागे जायचं, आणि आता ती जुनी कव्हरं बोअर होणार नाहीत.

कव्हरं ऐकायची पद्धत सांगतो. जोड्या लावा. लॉस टीन टॉप्सचं 'ला प्लागा' आणि त्याच्या लगेच आधी लिटल रिचर्डचं 'गुड गॉली मिस मॉली'. मग 'एल रॉक दे ला कार्सेल' आणि एल्विसचं 'जेलहाउस रॉक'. गायक एनरिके गुस्मान, साल 1960 च्या आसपासचं. मूळ गाण्यातला जो थोडा धोक्याचा, अंगावर येणारा भाग आहे तो इथे गुळगुळीत झालेला ऐकू येईल, चांगल्या घरचे पोरं, नीट विंचरलेले केस. रेकॉर्ड कंपन्यांना तेच पाहिजे होतं. सगळेच तसे नव्हते, लॉस लोकोस देल रित्मोचं 'यो नो सोय उन रेबेल्दे' ऐका, हे त्यांचं स्वतःचं गाणं, पण त्यातही पोरगा सांगून राहिला की मी बंडखोर नाही हो, मला फक्त नाचू द्या. यावरूनच अंदाज करा वातावरण काय असेल. मेक्सिको सिटीचा कारभारी तेव्हा एर्नेस्तो उरुचुर्तु नावाचा कडक माणूस होता, जिथे पोरं कॉफी आणि कोल्ड्रिंक पीत बँड ऐकायचे त्या कॅफे-कान्तान्तेंवर पोलिसांच्या धाडी पडायच्या आणि एकेक करून बंद व्हायचे. दारूही नव्हती हो तिथे.

सांतानाची फाइल वेगळी ठेवा. जन्म हालिस्को राज्यातल्या आउत्लान गावचा, 1947, बाप मारियाची व्हायोलिनवाला, लहानपण तिहुआना या सीमेवरच्या शहरात. तिथे हाविएर बातीस नावाच्या गिटारवाल्याकडून तो ब्लूज शिकला. मग सांताना सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि 1969 मध्ये वुडस्टॉकच्या मोठ्या रॉक जलशात वाजवून जगाचा झाला, बातीस मेक्सिकोतच राहिला. दोघांची रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ ऐकली की घर सोडणं आणि घरी राहणं यात किती फरक पडला ते दिसते.

आता मुख्य गोष्ट, इथे घाई करू नका. 2 ऑक्टोबर 1968, मेक्सिको सिटीतला त्लातेलोल्को चौक. विद्यार्थ्यांच्या सभेवर सैन्यानं गोळ्या चालवल्या आणि दहा दिवसांनी त्याच शहरात ऑलिम्पिक सुरू झालं. 10 जून 1971 ला परत विद्यार्थ्यांच्या मोर्चावर हल्ला, या वेळी सरकारनंच पोसलेल्या हाल्कोनेस नावाच्या टोळीकडून. राष्ट्राध्यक्ष लुइस एचेवेर्रिया. आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, 11 आणि 12 सप्टेंबर 1971 ला, वाये दे ब्रावो गावाजवळ आवांदारो इथे रॉकचा जलसा झाला.

मुळात तिथे मोटारींची शर्यत होणार होती, सोबत रात्री थोडं संगीत. आले इतके पोरं की शर्यतच रद्द करावी लागली. आकडे वेगवेगळे सांगतात, कोणी तीन लाखांपर्यंत नेतात, कमी धरलं तरी लाखाच्या घरात. पाऊस, चिखल, डोंगर, आणि स्टेजवर लॉस दुग दुग्स, एल रितुआल, पीस अँड लव्ह, तिंता ब्लांका आणि पहाटे थ्री सोल्स इन माय माइंड. नावं पाहा, अर्धी इंग्रजी, गाणीही बरीचशी इंग्रजीत, तेव्हाची ती फॅशन होती आणि त्या लाटेला ओंदा चिकाना म्हणायचे. कोणीतरी राष्ट्रध्वजावरच्या गरुडाच्या जागी शांततेचं चिन्ह लावून फडकावला, एका पोरीनं कपडे काढले, आणि रेडिओवर थेट प्रसारण सुरू असताना पीस अँड लव्हनं शिव्या दिल्या, प्रसारण तिथेच कट. दुसऱ्या दिवशीपासून पेपरांमध्ये नशा, नंगेपणा, संस्कृती बुडाली वगैरे. एवढे लाख पोरं एका जागी जमले आणि म्हणण्यासारखी हिंसा झाली नाही, यावर कोणाला लिहायचंच नव्हतं. सरकारला भीती वेगळीच होती, की हे एवढे आज गाण्यासाठी जमले, उद्या कशासाठी जमतील.

इथून तो खड्डा सुरू होतो. मोठ्या मैफली बंद, रेडिओवर देशी रॉक जवळपास बंद, कंपन्यांनी हात काढले. आवांदारोचं चांगल्या आवाजातलं रेकॉर्डिंग शोधत वेळ घालवू नका, फार थोडं आहे आणि जे आहे ते खरखरीत. त्यापेक्षा त्याच बँडचे स्टुडिओतले अल्बम ऐका. लॉस दुग दुग्स उत्तरेकडच्या दुरांगोचे, त्यांचा पहिला अल्बम 1971 चा, 'लॉस्ट इन माय वर्ल्ड' पासून सुरू करा. एल रितुआल मध्ये बासरी आणि अंधार. ला रेवोलुसिओन दे एमिलियानो सापाता हा ग्वादालाहाराचा बँड, आवांदारोला नव्हता पण त्या काळात हिट होता. हे ऐकताना सतत वाटत राहते की हे लोक अजून पाच वर्षं नीट वाजवू शकले असते तर कुठे पोचले असते.

नंतर काय झालं, तर रॉक शहराच्या कडेला गेला. गोदामं, पडके सिनेमा हॉल, कामगार वस्त्यांमधली मैदानं. त्यांना ओयोस फोंकी म्हणायचे, साऊंड खराब, बाहेर पोलीस, आत घाम. रेडिओनं वाजवलं नाही तरी गाणं कसं जगते हे नागपूरकरांना समजावून सांगायची गरज नाही, दीक्षाभूमीबाहेर भीमगीतांच्या कॅसेटी कशा विकल्या जायच्या ते आपण पाहिलंय. तिथेही तसंच, हातोहात. या काळाचा राजा म्हणजे आलेक्स लोरा आणि त्याचा थ्री सोल्स इन माय माइंड. इंग्रजी सोडून तो वस्तीतल्या स्पॅनिशमध्ये गायला लागला आणि 'आबुसो दे आउतोरिदाद' सारखं पोलिसांच्या, सरकारच्या दादागिरीवरचं गाणं पोरांच्या तोंडपाठ झालं. 1980 च्या दशकात बँड फुटला आणि लोरानं एल त्रि काढला. 'त्रिस्ते कान्सिओन' त्यांचं सगळ्यात माहीत गाणं. आवाज फाटका आहे, पहिल्यांदा कानाला लागेल, पण सुटू देऊ नका. माझ्या मते तर हा माणूस वगळून मेक्सिकन रॉक ऐकणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

1980 च्या ऑक्टोबरमध्ये एल चोपो नावाच्या म्युझियमपाशी रेकॉर्डची अदलाबदल करणारा बाजार सुरू झाला. तुमच्याकडची प्लेट द्या, माझी घ्या. नंतर लोकांच्या तक्रारी आल्या, जागा बदलत राहिल्या, पण बाजार टिकला, आजही बुएनाविस्ता स्टेशनजवळ दर शनिवारी भरतो. बंदीच्या काळात संगीत कसं फिरलं हे समजून घ्यायचं असेल तर नेटवर याचे जुने फोटो पाहा, पंक, मेटलवाले, हिप्पी सगळे एकाच फुटपाथवर.

आणि रॉकद्रिगो. खरं नाव रोद्रिगो गोन्सालेस, ताम्पिकोचा, एक गिटार आणि हार्मोनिका एवढंच भांडवल, 'उर्बानिस्तोरियास' नावाची कॅसेट 1984 मध्ये स्वतःच काढून विकायचा. त्याचं 'मेट्रो बाल्देरास' ऐका, गर्दीच्या स्टेशनवर हरवलेल्या प्रेयसीपायी मेट्रोच ताब्यात घेणारा वेडा माणूस. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपात मेक्सिको सिटीतल्या त्याच्या घराची इमारत कोसळली आणि तो गेला, वय 34. आता त्या बाल्देरास स्टेशनात त्याचा पुतळा आहे. ज्याला जिवंतपणी कोणत्या मोठ्या कंपनीनं विचारलं नाही त्याची गाणी आता पोरं गिटार शिकताना पहिली वाजवतात.

दार परत कसं उघडलं, हे थोडक्यात. भूकंपानंतर सरकारची वाट न पाहता लोक स्वतः एकत्र यायला लागले होते, बोतेयीता दे हेरेस नावाच्या बँडनं 1985 मध्ये रोकोतित्लान नावाची जागा काढली जिथे बँड नीट वाजवू शकत, आणि त्यांची स्वतःची गाणी म्हणजे मस्करी, गल्लीतली भाषा, त्याला ते ग्वाकारॉक म्हणायचे. मग अर्जेंटिना आणि स्पेनचा रॉक विकून पैसा होतो हे कंपन्यांना दिसलं, 'रॉक एन तु इदिओमा' म्हणजे तुमच्या भाषेतला रॉक अशी जाहिरात सुरू झाली, त्याच लाटेत काइफानेस आले. 1989 ला केरेतारोच्या स्टेडियममध्ये रॉड स्टुअर्टचा मोठा शो झाला आणि मोठ्या मैफलींची भीती सरकारच्या डोक्यातून उतरायला लागली. म्हणजे खड्डा बुजला तो बाजारामुळे, सरकारच्या मोठ्या मनामुळे वगैरे काही नाही. इथे पोचल्यावर परत 'रे' लावा. आता त्यात पोल्का, बोलेरो, कुंबिया काहून आहे ते कळेल. पंधरा वर्षं ज्यांना विदेशी आणि बिघडलेले म्हणून बाहेर ठेवलं त्यांनी परत येताना देशातलं सगळं संगीतच उचलून आणलं.

पुढचं सोपं आहे, आता तुमचं तुम्ही फिरू शकता. फक्त दिशा सांगतो. मॉन्तेर्रेय शहराकडे जा, तिथे 1990 च्या शेवटी वेगळाच स्फोट झाला. कोंत्रोल माचेतेचा 'मुचो बारातो' हिप-हॉप आहे, प्लास्तिलिना मोशचा 'आक्वामोश' सगळ्याची खिचडी, आणि सेल्सो पिन्या या अकॉर्डियनवाल्याचा 2001 चा 'बार्रिओ ब्रावो' तर नक्कीच, साऊंड सिस्टिम चांगली असेल तर खिडक्या हलतील. आजच्या मॉन्तेर्रेयच्या द वॉर्निंगमधल्या तिघी बहिणी आधीच माहीत असतील, लहानपणी मेटालिकाचं 'एंटर सँडमॅन' वाजवलेला त्यांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता.

मग मोलोतोव हा बँड, 1997. पहिल्या अल्बमचं नावच माना बँडच्या 1992 च्या गाजलेल्या अल्बमची टिंगल करणारं. दुकानांनी ठेवायला नकार दिला तर यांनी रस्त्यावर उभं राहून विकला. 'गिम्मे था पॉवर' मध्ये पोलीस आणि राजकारणी दोघांचीही धुलाई आहे. शिव्या भरपूर, पण घरी काका-काकू बाजूला बसले तरी टेन्शन नाही, स्पॅनिश कोणाला येते. ट्रान्सलेशनची स्क्रीन मात्र झाकून ठेवा.

बायकांचा भाग बरेच गाइड शेवटच्या ओळीत उरकतात, तुम्ही तसं करू नका. सांता साबिना या बँडची गायिका रीता गेर्रेरो, नाटकातून आलेली, आवाजात भूत असल्यासारखी, 2011 मध्ये गेली. हुलिएता वेनेगास आज पॉपची मोठी स्टार आहे पण ती तिहुआना नो! नावाच्या पंक-स्का बँडमधून निघाली, त्यांचं 'पोब्रे दे ती' आणि मग तिचा 1997 चा 'आकी' ऐकला की प्रवास दिसतो. त्या अल्बमचा प्रोड्युसर कोण ते तुम्हीच बघा, एव्हाना अंदाज आला असेल.

ज्यांना स्टुडिओचा आवाज जड वाटतो त्यांच्यासाठी एमटीव्ही अनप्लग्डचा, म्हणजे साध्या वाद्यांवरच्या मैफलींचा रस्ता आहे. काइफानेस, काफे ताकुबा, माना, सोए, सगळ्यांनी केलेत, सोएचा तर बऱ्याच जणांना मूळ अल्बमांपेक्षा जास्त आवडतो. आणि शब्दांशिवाय पाहिजे असेल तर रोद्रिगो ई गाब्रिएला, दोघंही मेक्सिको सिटीच्या थ्रॅश मेटल बँडमधले, डब्लिनला जाऊन रस्त्यावर दोन साध्या गिटारी वाजवायला लागले, त्यांचा 2006 चा अल्बम लावून द्या.

प्लेलिस्ट करताना सालाप्रमाणे लावू नका, मी वर ज्या क्रमानं सांगितलं तसंच ठेवा, 1994 आधी, मग 91, 88, मग उडी मारून 1960, मग 71, मग 84, आणि शेवटी 97 च्या पुढचं. एक गाणं आवडलं नाही तर पुढे जा, पण लोरा आणि रॉकद्रिगोला दोन चान्स द्या. आजचं काय चाललंय ते पाहायचं असेल तर मेक्सिको सिटीत वीवे लातिनो फेस्टिव्हल असतो, 1998 पासून सुरू आहे, हल्ली बहुतेक मार्चमध्ये होतो आणि कधी कधी नेटवर लाइव्ह दाखवतात. आपण त्यांच्यापेक्षा साडेअकरा तास पुढे आहोत, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री नऊला कोणी स्टेजवर आलं तर इकडे रविवारचे सकाळचे साडेआठ, अलार्म त्या हिशोबानं लावा.